सातबारे तीन झाले, नकाशात गट मात्र एकच: आपला तुकडा नेमका कुठला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत चूक असेल तर लगेच दिसेल. वडिलांच्या नावावर एक गट होता, 1 हेक्टर 42 आर. ते गेल्यावर तुम्हा तिघा भावांत तोंडी वाटप झालं, खातेफोडीचा, म्हणजे एका खात्याची वेगवेगळी खाती करण्याचा, फेरफार मंजूर झाला आणि /1, /2, /3 असे तीन सातबारे निघाले, प्रत्येकी साधारण 47 आर. पण महाभूनक्शावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नकाशावर, गट नंबर टाकला की अजूनही एकच अखंड आकृती येते, मधे रेघ नाही. त्यात पुतण्यानं ती आकृती उपग्रहाच्या चित्रावर चढवून बघितली आणि उत्तरेकडचा शेजारी बारा फूट तुमच्यात आलेला दिसला. आता मधल्या भावाशी बांधावरून धुसफूस, शेजाऱ्याशी हद्दीवरून तंटा, आणि तुम्ही विचारताय की खरा नकाशा कुठला.

हे एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. गटाची बाहेरची हद्द कुठे, हा पहिला. गटाच्या आत तिघांच्या वाटण्या कुठे, हा दुसरा. दोन्हींचे कागद वेगळे आणि सोडवायच्या वाटाही वेगळ्या. गावात सगळे हे एकत्र कालवतात आणि मग एकाच मोजणीतून दोन्ही भांडणं मिटावीत अशी अपेक्षा करतात.

मी भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. नोकरी सगळी पुणे, सातारा, सोलापूर या पट्ट्यात, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्याच्या भागात झाली. विदर्भात आणि मराठवाड्यात जुनी मोजणी वेगळ्या राजवटीत झाली, तिथले जुने कागद वेगळे. कोकणात अजून कितीतरी गावांत गट नाहीत, सर्व्हे नंबर आणि हिस्सेच चालतात. तुम्ही जिल्हा लिहिलेला नाही, पण गट आहे म्हणजे एकत्रीकरण (जुने नंबर आणि हिस्से जुळवून गट पाडण्याची योजना) झालेलं गाव आहे, एवढं धरून पुढे लिहितो.

आधी ते बारा फूट. गावनकाशाच्या कोपऱ्यात परिमाण लिहिलेलं असतं, ते बघा. आमच्याकडच्या जुन्या नकाशांचं परिमाण 1 इंचास 20 साखळ्या असं असे. साखळी 33 फुटांची, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर 660 फूट. आता त्या नकाशावरची हद्दीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरा. जमिनीवर तिची रुंदी किती होते? तेरा फूट. तुमचा शेजारी ज्या बारा फुटांसाठी चोर ठरलाय, ते अख्खे बारा फूट त्या एका रेघेच्या शाईत मावतात. शिवाय तो कागद कित्येक वर्षं घड्या घालून ठेवलेला, कधी दमट हवेत फुगलेला, मग स्कॅन झालेला, संगणकावर त्यावरून रेघा ओढलेल्या आणि शेवटी उपग्रहाच्या चित्राशी चार ठिकाणी जुळवून बसवलेला. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं सरकतं. परिमाण मेट्रिक असेल, समजा 1:5000, तरी त्याच रेघेखाली आठ फूट जातात.

म्हणजे ऑनलाइन नकाशा निरुपयोगी का? अजिबात नाही. आपला गट कुठल्या अंगाला, लगतचे गट कुठले, रस्ता किंवा ओढा कुठून जातो, हे त्यावर एका मिनिटात कळतं. जमीन विकत घेणाऱ्यानं तर तो बघितलाच पाहिजे. पण त्यावर फूटपट्टी लावायची नाही. गावनकाशा हा सगळ्या शेतांची आपसातली मांडणी दाखवायला काढलेला आहे. एका शेताची मापं ज्या कागदावर आहेत तो कागद निराळा, त्याला टिपण म्हणतात.

टिपण कधी बघितलं नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून एक नक्कल काढून घराच्या ओसरीवर घेऊन बसा. एका सर्व्हे नंबरचं एक. शेताची हातानं काढलेली आकृती, आणि ती परिमाणात नसते, त्यामुळे पहिल्यांदा बघणारा म्हणतो, हे आमचं शेत नाहीच. आकाराकडे बघूच नका, आकडे वाचा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक लांब रेघ गेलेली असते. तिच्यावर वाढत जाणारे आकडे: 3-8, 7-0, 12-4. पहिला आकडा साखळ्यांचा, दुसरा आण्यांचा. एका साखळीचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. 12-4 म्हणजे 404 फूट 3 इंच. मधल्या प्रत्येक आकड्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे काटकोनात एक छोटी रेघ निघते आणि तिच्या टोकाला बांधाचा एकेक कोपरा. बस, एवढंच. पण एवढ्यावरून ते शेत कुणीही, केव्हाही पुन्हा जमिनीवर मांडू शकतो. विहीर, ओढा, पोटखराबा (न पिकणारी जमीन) हेही बहुधा खुणेनं दाखवलेलं असतं. जुन्या टिपणांवरचा मजकूर मोडीत असतो, त्याची तयारी ठेवा.

या पद्धतीतली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. त्यामुळे साखळीला साखळीनं गुणलं की उत्तर थेट गुंठ्यांत येतं. लांब रेघ 12 साखळ्या, तिच्यावरचा लंब 3 साखळ्या, तर त्या त्रिकोणाचं क्षेत्र 36 च्या निम्मं, 18 गुंठे. प्रत्येक शेताचे असे तुकडे पाडून केलेले हिशेब ज्या वहीत आहेत तिचं नावच गुणाकार बुक. टिपण आणि गुणाकार बुक समोरासमोर ठेवलं की शंभर वर्षांपूर्वीचा मोजणीदार तुमच्या शेतात कसा फिरला ते पाऊल न् पाऊल दिसतं.

आता हे आठवण्याचं कारण. 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी सुरू केली आणि जिचे नियम 1847 पर्यंत पक्के झाले, ती शेतसारा बसवण्यासाठी होती. सर्व्हे नंबर पाडताना एका बैलजोडीनं कसता येईल एवढी जमीन, हा अंदाज धरलेला होता. लहान लहान तुकडे एकाच नंबरात घातले गेले. त्यामुळे पहिल्या नकाशातली रेघ ही शेतसाऱ्याच्या हिशेबाची रेघ आहे, घराण्यातल्या वाटणीची नाही. मालकीची विभागणी नकाशावर आणायला पुढे वेगळी हिस्सा मोजणी करावी लागली. सर्व्हे नंबर 45 चे 45/1, 45/2 असे मोजून पाडलेले हिस्से, त्यांचे फाळणी नकाशे, हे सगळं तेव्हापासूनचं. नंतर 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गट आले. कुठे एका सर्व्हे नंबरचा एक गट झाला, कुठे दोन-तीन हिस्से एकत्र येऊन एक, कुठे एका नंबराचे अनेक.

म्हणून तुमच्या गटाची बाहेरची हद्द शोधताना पहिलं काम: हा गट कशाचा बनलाय ते काढा. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरण योजनेची पत्रकं मिळतात, बोलीभाषेत त्यांना 9(3), 9(4) म्हणतात, आणि गटबुकाचा नकाशाही असतो. गट म्हणजे पूर्ण जुना सर्व्हे नंबर असेल तर सोपं, टिपण हाच आधार. हिस्स्यांचा बनलेला असेल तर फाळणी नकाशा लागेल. आणि एक तिसरी शक्यता आहे, ती सगळ्यात त्रासाची. योजनेत कागदावर जमिनींची अदलाबदल झाली, पण शेतकरी जुन्याच वहिवाटीत कसत राहिले. अशी गावं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तिथे नकाशा एक सांगतो, बांध दुसरंच सांगतो, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. तसं निघालं तर साध्या मोजणीनं सुटणार नाही. योजनेतल्या चुकीच्या दुरुस्तीची त्याच कायद्यात वेगळी तरतूद आहे, त्यासाठी वकील गाठा.

आतल्या वाटणीचं सांगतो. सातबारा तुम्हाला सांगतो कोण आणि किती. कुठे, हे तो सांगत नाही. तुमच्या /1, /2, /3 च्या मागे जर फक्त फेरफार असेल आणि पोटहिस्सा मोजणी, म्हणजे आतल्या वाटण्यांची जमिनीवरची मोजणी, झालेली नसेल, तर नकाशाच्या लेखी तुमचा गट अजून अविभक्तच आहे. नकाशा मागे राहिला असं तुम्हाला वाटतंय. खरं तर सातबारा पुढे पळाला. रीतसर क्रम असा आहे: आधी पोटहिस्सा मोजणी, तिच्यावरून फाळणी नकाशा आणि आकारफोड पत्रक (क्षेत्र आणि आकार हिस्स्यांत विभागून दाखवणारा कागद), मग तहसीलमार्फत तलाठ्याकडे फेरफार आणि शेवटी वेगळे सातबारे. वाटपाचा आदेश महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदार देतात किंवा दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा असतो. पण मोजणी न करता नुसती खातेफोड करून सातबारे वेगळे केल्याची प्रकरणं ढिगानं आहेत. तुम्ही एकटे नाही.

हे तपासायचं कसं? तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात तुमच्या गटाच्या पोटहिस्सा फाळणीची नक्कल मागा. मिळाली तर भांडण बरंच मिटलं, कारण त्यावर मापं आहेत. नाही मिळाली तर आकारफोड पत्रक झालंय का विचारा. तेही नसेल तर तुम्ही तिघं आज एका अविभक्त गटात अंदाजानं बांध घालून बसलेले आहात, हे मान्य करून पुढे चला.

पुढे म्हणजे तिघांनी मिळून पोटहिस्सा मोजणीचा अर्ज. इथे लोक एक ठेच खातात. भूकरमापक आला की तुम्ही दाखवाल ती वहिवाट तो मोजतो. समजा मोजल्यावर निघालं की थोरल्याकडे 51 आर, मधल्याकडे 46 आणि तुमच्याकडे 45. सातबाऱ्यावर तिघांचे 47. आता? बांध सरकवा किंवा सहमतीनं अभिलेखातले आकडे बदलून घ्या, दोनच वाटा. भूकरमापकाला यातली एकही निवडायचा अधिकार नाही. तेव्हा अर्ज टाकायच्या आधी तिघं एकदा बसा आणि ठरवा: क्षेत्र सारखं हवं, की जो जिथे कसतोय तिथेच रेघ मारायची? विहिरीजवळचे 45 आर आणि माळाकडचे 51 आर यांत कुणाचा फायदा, ते तुम्हालाच ठाऊक. पोटखराबा कुणाच्या वाट्याला लागतो तेही बघा, कारण तो क्षेत्रात धरला जातो पण पिकत नाही. आणि रस्ता. मागच्या वाटेकऱ्यानं बैलगाडी किंवा ट्रॅक्टर कुठून न्यायचा ते नकाशावर आलं नाही तर पुढच्या पिढीला तहसीलदारासमोर कलम 143 चा रस्ता मागत उभं राहावं लागतं.

तुकडेबंदीची काळजी तुम्हाला आत्ता नाही. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे, आणि 47 आर त्याच्या बरेच वर आहेत. पण याच 47 चे पुढे मुलांमध्ये तीन केले तर जिरायतीत अडकाल.

एकक बघूनच बोला, हेही यात आलं. आर म्हणजे गुंठा नव्हे. आर 100 चौरस मीटर, म्हणजे 1076 चौरस फुटांच्या आसपास, आणि गुंठा 1089. तुमचे 142 आर म्हणजे 140 गुंठे आणि थोडे. गावात 142 गुंठे धरून वाटणी केली तर दीड गुंठ्याहून जास्त जमीन हवेतच वाटली जाते, आणि ती शेवटी ज्याला कमी भरते तो म्हणतो, मला फसवलं.

उत्तरेच्या शेजाऱ्याकडे परत येऊ. त्याच्यासाठी हद्द कायम मोजणीचा, म्हणजे गटाची बाहेरची हद्द ठरवून घेण्याचा, वेगळा अर्ज करा. आता रोव्हर लावून मोजतात, उपग्रहाच्या आधारे काही सेंटिमीटरपर्यंत अचूक बिंदू मिळतो. पण तो रोव्हर तुम्हाला फक्त एवढंच सांगतो की तुम्ही आत्ता जमिनीवर कुठे उभे आहात. जुनी हद्द कुठे होती, हे टिपण जमिनीवर कुठल्या खुणांना बसवलं त्यावर ठरतं. यंत्र कितीही चांगलं असलं तरी ही निवड माणसाची असते. तीत मी स्वतः एकदा सपशेल चुकलोय. एका गावात हद्दीचे दगड कुणीतरी उपटलेले होते. टिपणात विहीर होती, शेतातही विहीर होती, मी तिच्यावरून माप धरलं आणि हद्द नऊ फूट पश्चिमेला टाकून मोकळा झालो. शेजाऱ्यानं निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागवली. वरचे अधिकारी आले. त्यांनी तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड आणि मारुतीचं जुनं देऊळ धरून सगळं पुन्हा मांडलं, तर विहीरच टिपणातल्या जागेवर बसेना. मग एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं, बहात्तरच्या दुष्काळात ती विहीर पश्चिमेकडून फोडून रुंद केली होती. त्या दिवसापासून एका खुणेवर मी कधी विसंबलो नाही. तुम्हीही मोजणीच्या दिवशी जुन्या माणसांना बांधावर बोलवा, आणि कुठला दगड, झाड किंवा देऊळ कधीपासून तिथे आहे ते त्यांना सांगू द्या.

मोजणी झाल्यावर नकाशाची क प्रत मिळेल. तिच्यावर दोन हद्दी वेगवेगळ्या दाखवतात, एक अभिलेखाप्रमाणे आणि एक प्रत्यक्ष वहिवाटीची. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर प्रश्न संपला. मधे पट्टा दिसला तर त्याचं क्षेत्रही लिहिलेलं असतं. तरीही तो पट्टा मोजणीनं तुमच्या ताब्यात येत नाही. ताबा देणं हे दिवाणी कोर्टाचं काम. तिथे शेजारी असंही म्हणेल की मी बारा वर्षांहून जास्त काळ हे कसतोय, आणि मुदतीच्या कायद्यात त्या बारा वर्षांना वजन आहे. पट्टा किती, त्याचं मोल किती आणि कोर्टाचा खर्च किती, हे तोलूनच पाऊल टाका. माझा अनुभव असा की दोन-तीन फुटांचा फरक असेल तर दोघांनी क प्रत बघून मधे दगड रोवून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. बारा फूट खरेच निघाले तर गोष्ट वेगळी, पण आधी ते निघू द्या.

दोन अर्जांपैकी आधी कुठला? हद्द कायम आधी. बाहेरची रेघ पक्की नसताना आतले तीन हिस्से पाडले आणि उत्तरेची हद्द नंतर सरकली, तर तिघांच्या वाटण्या पुन्हा मोडाव्या लागतील.

अर्ज ई-मोजणीवर भरता येतो, लगतधारकांना नोटिसा कार्यालय काढतं. नोटीस मिळाली नाही अशी तक्रार नंतर येऊ नये म्हणून शेजाऱ्याला तारीख स्वतः तोंडानंही सांगा. आणि तुमच्याकडे ऊस असेल तर तो तुटल्यानंतरचीच तारीख मागा. उभ्या उसात ना बांध दिसतो ना दगड सापडतो. बांधावर दाट आंबा-चिंच असेल तर रोव्हरलाही आभाळ दिसत नाही, मग भूकरमापकाला लांबून माप आणावं लागतं. आदल्या दिवशी बांधावरची झुडपं तोडून ठेवा, आणि दगड कुठे गाडला गेलाय असा संशय असेल तिथे एक-दोन फूट खणून ठेवा.